माट्टु डॉक्टरांचा सबवूफर

आमच्या शेजाऱ्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच घरात रांगत होते.

वय सत्तरीच्या पुढचं. लुंगीसारखी पांढरी वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचलेली, गळ्यात स्टेथोस्कोप. भिंतीच्या कडेकडेनं थोडं पुढे सरकायचं, थांबायचं, मान वाकडी करून कान जमिनीजवळ न्यायचा आणि समाधान झालं तर शेजारच्या वाटीतून तांदळाच्या पिठाची चिमूट उचलून तिथे एक ठिपका ठेवायचा. मग वाटी पुढे ढकलायची आणि पुन्हा रांगायचं. खोलीत एक लिहायचं टेबल होतं, टेबलाशी उंच पाठीची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर माणसाच्या जागी एक काळी चौकोनी पेटी बसवलेली होती. पेटीतून मृदंग वाजत होता, पण नुसता खालचा. एखादं मोठं जनावर पोटातल्या पोटात काहीतरी पुटपुटावं तसा.

मी दारात उभी होते. खरं म्हणजे भांडायला आले होते. पण रांगणाऱ्या माणसाशी भांडण कसं सुरू करायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली. जराही ओशाळले नाहीत. एक हात उचलून म्हणाले, "क्षण थांबा अम्मा. जागा हुडकतों अहे."

मराठी! कुंभकोणमच्या त्या गल्लीत, पिठाच्या ठिपक्यांमध्ये, मराठी. आणि तीही अशी, की बखरीतला एखादा हवालदार कागदावरून उठून वेष्टी नेसून आला असावा.

आधी थोडं स्वतःबद्दल सांगते. मी बँकेत आहे, आणि बदली होऊन इकडे आले. आई गेल्यावर वडिलांना गावी एकटं ठेवणं मला पटेना, म्हणून अण्णाही बरोबर आले. अण्णा म्हणजे माझे वडील. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे आमच्याकडे कामाला येणारी सेल्वी बरेच दिवस समजत होती की माझा भाऊ फार लवकर म्हातारा झाला. अण्णा साताऱ्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. शाळा सुटली की पखवाज. गावातल्या देवळात कीर्तन असलं की साथीला अण्णाच असायचे.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बरोबर वाचाही गेली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, हात आणि बोलणं थोडंफार परत येईल, पण त्यांनी स्वतः मनावर घेतलं तर. अण्णांनी मनावर घेतलं नाही. व्यायाम शिकवायला येणारा माणूस त्यांचा हात उचलायचा, अण्णा तो पडू द्यायचे. भरवलं तर खायचे, नाही भरवलं तर मागायचे नाहीत. दिवसभर छताच्या तुळयांकडे बघत पडून राहायचे. ते बघणंसुद्धा बघणं नव्हतं.

झटक्यानंतर आम्ही ह्या गल्लीत राहायला आलो; आमचं आणि शेजाऱ्यांचं घर एकमेकांना चिकटलेलं आहे. त्या गल्लीत सगळ्यांचीच आहेत. पुढे ओटा, आत लांबट घर, आणि दोन घरांत एकच भिंत. अण्णांची खाट त्या सामायिक भिंतीला लावलेली होती. आणि त्या भिंतीतून रोज दुपारी घुम् घुम् असा आवाज येत होता. सूर नाही, शब्द नाही, नुसता धक्का. फळीवरची स्टीलची भांडी किणकिणायची. आजारी माणसाच्या उशाशी हे काय, म्हणून मी तावातावानं शेजारी गेले होते.

मी तक्रार केली. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मी पेढे घेऊन आले होते.

"येतं? भिंतीतून येतं?" ते गुडघे धरत उठले. "कसं येतं? छातीत लागतं की पोटात?"

"डोक्यात लागतं," मी म्हटलं.

"डोक्यात लागणार नाही," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. "डोक्यात लागतं तें वेगळं. तें बारीक आवाजाचं काम. हा जाड. हा पोटांतच लागतो. नीट पाहून सांगा."

ही आमची ओळख.

त्यांचं नाव स्वामिनाथराव. गल्लीत त्यांना कोणी नावानं ओळखत नाही. सगळे 'माट्टु डॉक्टर' म्हणतात. माडु म्हणजे गुरं, तेव्हा माट्टु डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात उभी नोकरी झाली. साक्कोट्टैपासून तिरुवलंचुळीपर्यंत अशी गाय नसेल जिच्या आजीला त्यांनी टोचलेलं नाही. त्यांचे पूर्वज तंजावूरच्या मराठी राजांबरोबर आले आणि राहिले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. घरात आता बोलायला कोणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे मराठी फक्त स्वतःशी आणि देवाशी. ते 'आहे'ला 'अहे' म्हणत, 'सगळं'ला 'अस्कं', आणि चांगलं झालं की 'बेष!' माझी मराठी ऐकून त्यांना माझी दया यायची. "तुमची मराठी चांगली अहे," ते एकदा म्हणाले, "पण फार नवी अहे. पिकली नाही अजून."

हा सगळा उद्योग सुरू कसा झाला, तर त्यांच्या मुलामुळे. मुलगा परदेशात. दर रविवारी फोन करतो. बापाला नीट ऐकू यावं म्हणून मागच्या खेपेला तो टेबलावर ठेवायचे दोन छोटे स्पीकर देऊन गेला. हात लांब केला की हाताला लागतील इतके जवळ, कानाच्या उंचीला, जरा आत वळवलेले. आवाज स्वच्छ. मुलगा विमानात बसला आणि डॉक्टरांनी त्या स्पीकरांवर मृदंग लावला.

"आणि अम्मा, मी घाबरलों," ते सांगायचे. "वाजवणाऱ्याचा डावा हातच नाही! उजवा अस्कं बोलतो. तक, दिन, तरिकिट, अस्कं बेष. डावा हात कोठें गेला? तोप्पी कोठें गेली?"

तोप्पी म्हणजे मृदंगाची डावी, जाड आवाजाची बाजू. आपल्या पखवाजाला जशी डावीकडे कणीक लावतात, तसा हे लोक रवा लावतात. लहानपणी डॉक्टर तीन वर्षं मृदंग शिकले होते. मग त्यांच्या गुरूंनी त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, बाळ, हा हात दुसऱ्या कातड्यासाठी आहे. डॉक्टर म्हणतात, त्यात अपमान काही नव्हता, निदान बरोबर होतं. पण तोप्पीचा तो धक्का त्यांच्या पोटात राहिला तो राहिलाच.

छोट्या स्पीकरांना तो धक्का देता येत नाही. त्यांची छातीच तेवढी नाही. तिथे सबवूफर लागतो, म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज काढणारी वेगळी पेटी. ही पेटी निवडायला डॉक्टर त्रिचीला गेले. बरोबर मी नव्हते, पण हकिकत इतक्या वेळा ऐकली आहे की असल्यासारखीच आहे. दुकानदारानं निळे दिवे लुकलुकणारी भलीथोरली पेटी पुढे केली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवे कशास? पेटीस दिसतं काय?" मग त्यांनी पेटीच्या पोटाला असलेल्या भोकापुढे हात धरला. आवाज लावल्याबरोबर भोकातून भस्सकन वारा आला. डॉक्टर म्हणाले, "हिला पोटफुगी अहे. नको." दुकानदारानं समजावलं की भोकामुळे आवाज मोठा होतो. "मोठा होतो," डॉक्टर म्हणाले, "पण थांबत नाही. धुम् म्हटलं तर धुमुमुम् म्हणते. मृदंगाचा हात उठला की आवाजही उठला पाहिजे."

शेवटी त्यांनी एक लहान, सगळीकडून बंद, दिवे नसलेली पेटी घेतली. "टेबलावर दोन वासरं बांधलेली अहेत. खाली हत्ती आणून बांधला तर वासरं काय खातील?" हे त्यांचं निवडीचं तत्त्व. गाय निवडताना शिंगं बघू नयेत, श्वास बघावा, हेही त्यांनी दुकानदाराला सांगितलं म्हणतात.

पेटी घरी आली आणि खरा प्रश्न पुढे उभा राहिला: ठेवायची कुठे?

मला वाटायचं, टेबलाखाली सरकवली की झालं. तसं नसतं. जाड आवाज खोलीभर पसरतो, भिंतींवर आपटून परत येतो आणि काही जागी त्याची डबकी साचतात, काही जागी थेंब नसतो. कोपऱ्यात ठेवली तर पेटी गर्जते, पण ती गर्जना खोलीची असते, मृदंगाची नाही. "कोपरा म्हणजे पाप," डॉक्टर म्हणायचे. "कोपऱ्यांत मूर्ख सुद्धा विद्वान वाटतो." शिवाय वरच्या आणि खालच्या आवाजाची हद्द ठरवावी लागते. तेही त्यांनी शेतीच्या भाषेत सांगितलं: कालव्याचं पाणी वाटतात तसं, इथून वरचं वासरांना, इथून खालचं हिला, बांध चुकला तर दोन्ही शेतं कुजतात. आणि पेटीच्या पाठीला एक बटण असतं, श्वास उलटा करायचं. "स्पीकर श्वास सोडतात तेव्हा ही घेत असली, तर मध्ये बसलेल्यास काही मिळत नाही. काही घरांत नवराबायकोंचं असतं तसं."

म्हणून ते रांगणं. युक्ती अशी, की पेटीला आपल्या खुर्चीवर बसवायचं आणि आपण पेटीच्या जागी, म्हणजे जमिनीवर, फिरायचं. जिथे आवाज सगळ्यांत सरळ ऐकू येईल ती पेटीची जागा. युक्ती पक्की आहे, शास्त्रशुद्ध आहे. पण दार उघडं टाकून ती करणारा माणूस गल्लीला काय दिसणार? समोरच्या घरातल्या बाईंनी ठरवून टाकलं की डॉक्टरांनी देवळात अंगप्रदक्षिणेचा, म्हणजे जमिनीवर लोळत प्रदक्षिणा घालायचा, नवस बोलला आहे आणि घरी सराव चालू आहे. त्यांनी आदरानं नमस्कारही करायला सुरुवात केली. डॉक्टरांनी खुलासा केला नाही. पिठाच्या ठिपक्यांची गत मात्र वाईट झाली. सकाळपर्यंत मुंग्यांनी सगळी मोजमापं खाऊन टाकली. डॉक्टरांनी पुन्हा सगळं रांगून काढलं, ह्या वेळी खडू घेऊन.

माझ्या तक्रारीनंतर ह्या सगळ्याला वेगळंच वळण लागलं. इतके दिवस ते स्वतःच्या कानासाठी जागा शोधत होते. आता त्यांनी ठरवलं, आमच्या भिंतीला कळता कामा नये. दर एक-दोन दिवसांनी ते आमच्या दारात यायचे. चपला ओट्याखाली काढायच्या, अण्णांना "मास्तर, नमस्कार" म्हणायचं, आणि स्टेथोस्कोप कानाला लावून आमची भिंत तपासायची. वर, खाली, खाटेशेजारी. सेल्वी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे विस्फारून बघायची. तिनं मला एकदा हळूच विचारलं, भिंतीला काय झालंय?

पेटी त्यांनी पलीकडच्या भिंतीला नेली. तिकडचं घर कुलूपबंद आहे, तिथे कोणाला त्रास नाही. पण तिथून खुर्चीशी आवाज पोकळ यायला लागला आणि डॉक्टरांची झोप उडाली. मग मधोमध आणली, तर चालताना ठेच लागून पायाचं बोट सुजलं. मी एकदा म्हटलं, "काका, राहू दे हो. थोडा आवाज कमी केलात तरी पुरे."

ते भिंतीवरून स्टेथोस्कोप काढत म्हणाले, "ही गेल्यापासून आवाज कमी करा म्हणून मज कोण्ही सांगटलंच नाही, अम्मा. ती रोज सांगत होती, स्वयंपाकघरांतून. तुम्ही आलांत त्या दिवशी मज वाटलं, हां, घरांत माणूस अहे."

मी त्यांच्यासाठी चहा टाकला.

अखेर उपाय सापडला. पेटी खुर्चीच्या अगदी जवळ, टेबलाखाली, त्यांच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर. इतकी जवळ की आवाज मोठा करावाच लागत नाही. माणसाच्या कानी पुरता पोहोचतो आणि भिंतीपर्यंत जायला उरत नाही. खालून जमिनीत धक्का जाऊ नये म्हणून त्यांनी गोठ्यात गाईखाली घालतात ती जाड रबराची चटई कापून पेटीखाली घातली. आणि मला बोलावून त्या खुर्चीत बसवलं.

मला संगीतातलं फार कळत नाही. अण्णांचं सगळं ऐकलं ते लहानपणी, आणि तेही अभ्यास करता करता. पण त्या दुपारी मी त्या खुर्चीत बसले आणि समोर कोणीतरी मृदंग घेऊन बसलेलं होतं. दोन्ही हातांनी. उठून अर्धा फूट बाजूला सरकले, तर तो माणूस नाहीसा झाला.

"एकाचीच जागा अहे," डॉक्टर म्हणाले. ते दारापाशी उभे राहून माझा चेहरा बघत होते. "बेष?"

"बेष," मी म्हटलं.

घरी येऊन मी भिंतीला कान लावला. काही नाही. शांतता. मला हायसं वाटलं.

त्या आठवड्यात अण्णांनी खाणं सोडलं.

आधी वाटलं, तोंडाची चव गेली असेल. पेज केली, ताक दिलं. ओठ मिटलेले. छताकडे बघायचं सोडून ते तोंड भिंतीकडे करून राहायला लागले. सेल्वीनं बँकेत फोन करून सांगितलं, अण्णा सारखे भिंतीकडे वळतात, मी सरळ करते, ते परत वळतात. इस्पितळातले डॉक्टर येऊन गेले, नाडी पाहिली, म्हणाले, कधी कधी असं होतं. कधी कधी पुढे काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग अण्णांनी भिंत ठोकायला सुरुवात केली. डावा हात चांगला होता, आणि खाट अशी की भिंत डाव्या हाताला. बोटांच्या पेरांनी ठक, ठक. दुपारी जास्त. मला वाटलं, चिडचिड आहे. आजारी माणसं असं करतात.

तो आवाज पलीकडे जात होता हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बँकेला सुट्टी होती त्या शनिवारी स्वामिनाथराव दारात उभे राहिले. चेहरा पडलेला. नेहमीसारखे आत आले नाहीत.

"अम्मा, मी चुकलों काय? मास्तर भिंत ठोकतात. मी आवाज अजून कमी केला. तरी ठोकतात. काल बंदच ठेवला. तरी ठोकतात. अजून काय येतं त्यांस, मज कळना."

मी त्यांना आत बोलावलं. अण्णा जागे होते. डॉक्टर खाटेशेजारी जमिनीवर बसले, स्टेथोस्कोप कानाला लावून भिंतीवर फिरवला आणि मान हलवली. "काही नाही. गाभण गाईचं पोट सुद्धा यापेक्षा बोलतं."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. नुसते डोळे वळवले नाहीत, पाहिलं. आणि हात उचलून भिंतीवर वाजवलं. दोन ठोके, मग एक, मग तीन जवळजवळ. आणि थांबले. हात हवेत तसाच.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

अण्णांनी पुन्हा तेच वाजवलं. दोन, एक, तीन. पुन्हा हात हवेत. शेवटचा ठोका ठेवून दिलेला, जसा एखादा माणूस वाक्य अर्धं सोडून समोरच्याकडे बघतो.

डॉक्टर अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणायला लागले. "तक धिमि तक जुणु, तक धिमि तक जुणु..." एक हात मांडीवर ताल धरत होता. दक्षिणेतले मृदंगाचे बोल ते, अण्णांनी आयुष्यात ऐकले नसतील. पण अण्णांचा हात त्या बोलांखाली चालायला लागला. मधे एक जागा चुकली. अण्णा थांबले, वाट पाहिली, पुढच्या फेरीत ती जागा बरोबर पकडली. आणि डॉक्टर समेवर आले त्याच क्षणी भिंतीवर ठोका पडला. दोघांचा एकच.

अण्णांच्या तोंडातून आवाज आला. शब्द नव्हता. पण कितीतरी महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

स्वामिनाथरावांनी स्टेथोस्कोप परत गळ्यात अडकवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तक्रार नव्हें ही. मागणं अहे." थोड्या वेळानं परत म्हणाले, "भिंतीतून उजवा हात येत नाही, अम्मा. बारीक आवाज भिंतीस पार होत नाही. यांस इतके दिवस डावाच येत होता. आणि मी मूर्खानं तो बंद केला."

ते उठले आणि चालायला लागले. चपला आमच्या ओट्याखालीच राहिल्या. थोडा वेळ पलीकडे काही ओढल्याचा, सरकवल्याचा आवाज आला. मग फळीवरची भांडी किणकिणली आणि भिंतीतून आला, घुम्. पोटात लागणारा.

अण्णांनी हात भिंतीवर ठेवला.

तिथून पुढे चमत्कार वगैरे काही झाला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण असल्या गोष्टींत लोक चमत्काराची वाट बघतात. अण्णा त्या रात्री ताक प्यायले. दुसऱ्या दिवशी भात खाल्ला. व्यायाम शिकवणाऱ्या माणसाला त्यांनी उजवा हात उचलू दिला आणि पडू दिला नाही, थरथरत का होईना धरून ठेवला. आता ते उशीला टेकून बसतात, चाकाच्या खुर्चीत ओट्यापर्यंत येतात. सेल्वीला 'चल' म्हणतात, मला 'ये' म्हणतात. उजव्या हाताची बोटं पांघरुणावर हलतात, वाजवण्याइतकी नाही. रोज दुपारी, डॉक्टरांची वामकुक्षी झाली की, भिंत सुरू होते. काही वेळ मृदंग, मग गप्प. मग अण्णांचे ठोके. मग परत मृदंग.

एके दिवशी मी थालीपीठं घेऊन शेजारी गेले. दार नेहमीसारखं उघडं. मृदंग चालू होता, आणि तो ऐकून मी दारातच थांबले. विहिरीत कोणी रिकामं पिंप लोटत असावं तसा आवाज येत होता. पेटी आमच्या भिंतीच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीला लावून उभी होती. खालून रबर काढलेलं. धक्का सगळा भिंतीत आणि जमिनीत जावा म्हणून. टेबलाशी, त्या खुर्चीत, डॉक्टर दोन छोट्या स्पीकरांपुढे बसले होते आणि त्यांच्यापुढचा वाजवणारा पुन्हा एका हाताचा झाला होता.

"काका, कोपऱ्यात?" मी म्हटलं. "तुम्हीच म्हणत होतात ना, पाप म्हणून?"

"पापच अहे," त्यांनी कबूल केलं आणि माझ्यासाठी कॉफी आणायला उठले.

कॉफी घेताना मी मनात आलेलं बोलून टाकलं. म्हटलं, अण्णा आता खुर्चीत बसतात. मी त्यांना रोज इकडे आणते. पेटी तुमच्या जागी, टेबलाखाली ठेवा. अण्णांना दोन्ही हात ऐकू येतील आणि तुमचाही आवाज नासणार नाही. गल्लीत दोन पावलांचा तर प्रश्न आहे.

स्वामिनाथराव कॉफी टंब्लरातून वाटीत, वाटीतून टंब्लरात ओतत राहिले.

"नको, अम्मा," शेवटी म्हणाले. "कधी सणावारास आणा. जेवायास आणा. पण यास नको."

"का पण?"

"मुलगा रविवारी बोलतो. बेष बोलतो. जेवलांत काय, गोळी घेतलीत काय, पडलां नाहीत ना, अस्कं विचारतो. मी होय सांगतों. तो बरं म्हणतो, ठेवतो. त्याची चूक नाही. त्यास काम अहे. पण ठेवल्यावर मज आठवतं, की मी काही बोललोंच नाही." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मास्तर एक शब्द बोलत नाहीत. पण मी घाईनं पुढचं लावलं तर त्यांस कळतं, ते थांबतात. मी तेंच तेंच लावलं तर दोनदा ठोकतात, म्हणजे दुसरं लाव. बेष लागलं तर ठोकतच नाहीत, नुसता हात फिरवतात भिंतीवर. तो मज ऐकू येतो. स्टेथोस्कोप लावला तर येतो. इथें आणलांत तर ते पाहुणे होतील, अम्मा. पाहुण्यास कॉफी देतात, बरं अहे काय विचारतात. मग तेही होय म्हणतील."

मी काही म्हणणार, तोच भिंतीतून आवाज आला. ठक, ठक. क्षणभर गप्प. पुन्हा ठक, ठक.

"थांबा अम्मा," कॉफी तशीच ठेवून उठता उठता ते म्हणाले. "बोलावतात."